फोटोतल्या डावीकडच्या माणसाविषयी

मी, बाजाराच्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओची मालकीण, खाली सही करून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ऑपरेशन हृदयाचे आहे, त्याचा डोक्याशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी वकीलबाईंसमोर स्पष्ट सांगितले आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मान सरळ करा, हनुवटी खाली घ्या, असा दबाव आजवर मीच लोकांवर आणत आले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मला मरायला फुरसत नव्हती.

कलम १. स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. न्हाणीघराचे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे तिला माहीत आहे. भाडेकरू ठेवल्यास त्यालाही आधी सांगावे, म्हणजे तो दाराला नाही तर मला शिव्या देईल.

कलम २. बँकेत जे काही उरेल ते भाचीचेच. मात्र निवडणुकीनंतर मला जे सरकारी काम मिळाले त्याची कमाई मी वेगळ्या खात्यात ठेवली आहे. मला ती खर्च करवली नाही. ती फाउंड्रीच्या कामगारांच्या पतपेढीला द्यावी. ते नको म्हणतील. पुन्हा विचारावे.

कलम ३. समोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांचा बोर्ड माझ्या काचेच्या कपाटावर सावली पाडतो. तो हातभर मागे घ्यावा, ही माझी मागणी माझ्या मरणाने रद्द होत नाही. बाकी त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. माणूस वेळेच्या बाबतीत बरा आहे.

कलम ४. स्टुडिओ, त्यातले कॅमेरे, दिवे, पडदे आणि गिऱ्हाइकांचा राबता, सगळे माझ्या धाकट्या भावाला द्यावे. वकीलबाई म्हणाल्या, कारण एका ओळीत लिहिले तरी पुरे. एका ओळीत ते मावत नाही.

भाऊ सरकारी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, साचे बनवायचा. गेल्या निवडणुकीत इथून उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराचा सगळा प्रचार एका वचनावर उभा होता: फाउंड्री विकणार नाही, आणि कामगारांना विचारल्याशिवाय तिच्याबद्दल काही ठरवणार नाही. फाटकासमोर त्याने हे इतक्या वेळा सांगितले की भावाच्या पाळीतल्या लोकांना ते तोंडपाठ झाले होते. मग त्याने आपले आर्थिक सल्लागार जाहीर केले. पाच जण. त्यातल्या एकाने शेजारच्या शहराची बससेवा विकायला लावली होती. दुसरा वर्तमानपत्रातून सतत लिहायचा की सरकारने असले कारखाने पोसू नयेत. उरलेल्या तिघांचा या दोघांशी कधी वाद झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

यावरून फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये खडाजंगी झाली. भाऊ घरी येऊन मला सगळे सांगायचा. बोलताना हा माणूस आमच्याकडे बघतो आणि सल्ला मात्र आम्हाला विकणाऱ्यांचा घेतो, असे त्याचे म्हणणे होते. पाळीतले पुष्कळ जण त्याच मतावर आले होते आणि त्यांची मते दुसरीकडे जाणार हे जवळपास ठरले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी त्यांना भोळे ठरवले. ते भोळे नव्हते. प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता. त्याचे खोटे उत्तर माझ्याकडून गेले.

सल्लागारांचा फोटो काढण्याचे काम मला मिळाले. मदतनीस तापाने पडला होता, म्हणून मी भावाला पाळी संपताच तसाच बोलावून घेतला. लाइट धरायला कोणीतरी हवे होते. उमेदवाराच्या कचेरीतल्या मोठ्या दालनात खुर्च्या मांडल्या. मध्ये उमेदवार, उजवीकडे तिघे, डावीकडे दोघे. पाचही जणांचे कोट एकाच ठाणातून कापल्यासारखे. डाव्या टोकाची खुर्ची रिकामी राहिली आणि सगळा फोटो एका अंगाला कलला.

ग्रुप फोटोत मला रिकामी जागा खपत नाही. एका लग्नात नवऱ्यामुलाचा काका रुसून निघून गेला, तेव्हा मी बँडवाल्याला कोट चढवून काकाच्या जागी उभे केले होते. त्या घरातली लहान मुले आजही फोटोतल्या बँडवाल्याला काकाच म्हणतात. त्यामुळे आजवर कोणी विचारले की मी सांगत आले, मी फक्त जागा भरली, माझा हात सवयीने गेला. ते खरे नाही. खरे काय घडले ते असे.

मी भावाला म्हटले, "लाइट स्टँडला लाव आणि दोन मिनिटं इथं बस."

तो म्हणाला, "ताई, मी कसा बसू? माझे कपडे बघ."

मी म्हटले, "कपड्यांसाठीच बस."

हे शेवटचे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्याच्या सदऱ्यावर काळी माती होती, बाह्या जळून भोके पडली होती. त्या पाच कोटांच्या शेजारी तो सदरा काय बोलेल हे मला क्लिक करण्याआधीच कळले होते. बाजूला उभ्या असलेल्या प्रचारप्रमुखाचा चेहरा तर एकदम उजळला. मी एक फोटो भावासकट काढला, एक भावाशिवाय. त्यांनी कोणता निवडला हे सांगायला नको. खाली एवढेच छापले: उमेदवार आणि त्यांचे सल्लागार. नाव कोणाचेच नाही. कायद्याने पाहिले तर कोणीच खोटे बोलले नाही.

मोठ्या चौकात तो फोटो दुमजली घराएवढा लागला. कॅन्टीनमधला वाद थंडावला. आपला माणूस आत बसलाय म्हटल्यावर वाद कशाला घालायचा? भावाने सगळ्यांना सांगितले की मी सल्लागार नाही, मी लाइट धरायला गेलो होतो. काहींनी डोळे मिचकावले. काहींना वाटले, वरून तोंड बंद ठेवायला सांगितले असेल. एकाने तर मुलाच्या नोकरीचा अर्ज त्याच्या खिशात कोंबला. शेवटी तो माझ्याकडे आला. फाटकापाशी ये आणि एकदा तुझ्या तोंडाने सांग, तू मला बसवलंस म्हणून, एवढेच त्याचे मागणे होते.

निवडणूक होऊ दे, मग सांगते, असे मी म्हणाले. मला त्या कचेरीकडून आणखी काम मिळणार होते हे एक कारण. दुसरे कारण लिहायला जास्त लाज वाटते. तो मी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो होता, त्याच्या कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचे नाव होते, आणि चौकातून जाताना मी मान वर करून बघत असे. मी मूग गिळून बसले.

उमेदवार निवडून आला. सल्लागारांनी त्यांना आधीपासून जे पटत होते तेच केले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी कधी दुसरे काही म्हटलेच नव्हते. फाउंड्री विकली गेली, भट्ट्या विझल्या, सगळ्यांबरोबर भावाचीही नोकरी गेली. इतरांना निदान एकमेकांचा आधार होता. भाऊ चहाच्या टपरीवर गेला की "या सल्लागार" म्हणून बाकावर जागा करतात आणि मग सगळे उठून जातात. साच्याची पेटी उचलताना ज्याने वर्षानुवर्षे दुसरे टोक धरले, तो त्याचा जोडीदार आता त्याला पाहून रस्ता ओलांडतो. भावाने मला अजून एका शब्दाने बोल लावलेला नाही. माझ्या गोळ्या वेळेवर तोच देतो. त्याने एकदा तरी भांडावे असे मला फार वाटते.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी कलम ४ फाउंड्रीच्या फाटकापाशी मोठ्याने वाचून दाखवावे आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावावेत.

पुरवणी. वरील मसुदा घेऊन वकीलबाई आज स्टुडिओत आल्या. घड्याळ दुरुस्तीवाले साक्षीदार म्हणून आले. दुसरा साक्षीदार म्हणून दवाखान्यातले कंपाउंडर येणार होते, ते आले नाहीत. भाऊ गोळ्या घेऊन आला. मी कागद त्याच्या हातात दिला. पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून त्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि कलम ५ वर बोट ठेवले.

"हे तू गेल्यावर वाचणार?"

मृत्युपत्र तेव्हाच वाचतात, असे वकीलबाई म्हणाल्या.

"मग मी काय करू, ताई? तू मरायची वाट बघू?"

मेल्यावर खरे बोलले की कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, ही सोय मला ठाऊक होती. म्हणूनच कलम ५ लिहिताना मला इतके हलके वाटले होते. कलम ५ मी रद्द करत आहे. थकलेल्या पगारासाठी कामगार उद्या सकाळी फाटकापाशी जमणार आहेत. मी स्वतः जाऊन कलम ४ वाचीन, कपड्यांच्या वाक्यासकट. ऑपरेशन परवा आहे. कामगार मला काय म्हणायचे ते म्हणोत, मी ऐकून घेईन. या कागदाची नक्कल आजपासून स्टुडिओच्या काचेच्या कपाटात लावावी.

यानंतर भावाने टेबलावरचे पेन उचलले आणि दुसरा साक्षीदार मीच होईन, असे म्हणाला. वकीलबाईंनी त्याला थांबवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, सही केलीत तर स्टुडिओ तुमच्या हातून जाईल, असे त्यांनी समजावले. भाऊ म्हणाला, "साक्षीदारानं काय करायचं असतं?"

जे तुमच्यासमोर झाले ते झाले म्हणून सांगायचे, असे त्या म्हणाल्या.

"वर्षभर तेच सांगतोय. कोणी लिहून घेत नव्हतं."

मी त्याला विनवले की सही दुसऱ्या कोणाचीही घेता येईल, दवाखान्यातून कंपाउंडरना बोलावू, रस्त्यावरून कोणालाही बोलावू, पण तू स्टुडिओ घे. नोकरी गेली आहे, उद्या खाशील काय, आणि माझ्या जिवाला तेवढीच शांती.

"ताई," तो म्हणाला, "तू मला आता आणखी कुठं बसवू नकोस."

सबब कलम ४ मधला स्टुडिओ भाचीला द्यावा. कारण मात्र जसे लिहिले आहे तसेच राहावे, त्यातला एकही शब्द गाळू नये.

ठिकाण: स्टुडिओची पुढची खोली, दार उघडे ठेवून.
तारीख: १४ मार्च.

लिहून देणार: (सही) स्टुडिओची मालकीण. वाचून, समजून आणि लाजून.

साक्षीदार पहिले: (सही) समोरचे घड्याळ दुरुस्तीवाले. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. कलम ३ मान्य नाही.

साक्षीदार दुसरे: (सही) लिहून देणारीचा धाकटा भाऊ, साचे बनवणारा. वरील मजकूर खरा आहे. मी तिथे लाइट धरायला गेलो होतो.