खाडीकाठच्या विज्ञानाचा विजय

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
दि. १८ नोव्हेंबर १९८८

रा. रा. दशरथराव यांस,

गुणाजीचा आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा घाटकोपरचा जिना चढू देतो की नाही व वहिनींचा खोकला कितपत उतरला, ते सविस्तर कळवावे. माझी प्रकृती उत्तम असून गेल्या रविवारपासून ती अधिकच उत्तम आहे. कारण, चौथी उत्तीर्ण असलेल्या आपल्या मेहुण्याने त्या दिवशी एका सरकारी साहेबांस विज्ञान शिकविले.

आमच्या सेक्टरच्या मागे खाडीच्या चिखलात तिवरांचे रान आहे व कोणी कंत्राटदार तेथे ट्रकने दगडविटांचे डबर ओतीत असतो. ते रान राखावे की भरणीस मोकळे करावे, याचा अहवाल त्या जमिनीचे अधिकारी श्री. विद्याधर लिहिणार होते. त्यांस व आम्हां रहिवाशांस शास्त्र कळावे म्हणून तिवरांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. रत्नप्रभाबाईंनी समाजमंदिरात व्याख्यान दिले. बाईंचे ज्ञान अगाध. परंतु भाषा अशी की अर्धी सभा निजली. (मी निजलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो.) म्हणून पुढील सभेसाठी त्यांनी सोपे करून सांगणारा रहिवासी मागितला. मी उभा राहिलो. तीस वर्षे गिरणीत जॉबर म्हणून कामगार हाताळलेल्या माणसाने एक झाड समजावण्यास कचरावे, हे शोभले नसते. बाईंनी मला युक्ती दिली की, तिवर खारे पाणी पिते व नको ते मीठ पानांवर टाकते. पान जिभेला लावले की कोणासही पटेल.

शनिवारी मी स्वहस्ते फांद्या तोडून आणल्या. येथे आपल्या भगिनीने घात केला. सभेला न्यायची पाने म्हणून सौ. मालनने ती तीन पाण्यांतून धुतली, पदराने पुसली व पत्रीसारखी तबकात मांडली. (घरात आलेले हिरवे काहीही ती धुतल्यावाचून सोडीत नाही.) मला याची वार्ता नव्हती. रविवारी भाषण करून मी तबक फिरविले. साहेबांनी पान चाटले, सभेने चाटले आणि कोणासही मीठ लागले नाही.

मग शेजारचा अंबादास ओरडला, “काका, मीठ घरीच राहिलं काय?” शेवंतीबाई म्हणाल्या, “अहो, आमच्या सुनेची आमटी परवडली!” साहेबांनी पेन काढून कागदावर ‘निरुपयोगी झुडपे’ एवढे लिहिलेले मी पाहिले. बाईंचा चेहरा उतरला. तीन वर्षे त्या अभ्यासासाठी चिखलात उभ्या राहिल्या होत्या, आणि सारे एका अळणी पानावर बुडत होते. तेवढ्यात मागून मालन म्हणाली, “अगोबाई, मी धुतली ना ती!” अशाच अज्ञानामुळे देश मागे राहिला, असे मी भर सभेत खेदाने म्हणालो. त्यानंतर क्षणभरात मी हात उंचावून घोषणा केली, “सभ्य स्त्रीपुरुषहो, खाडी दोनशे पावलांवर आहे. झाडावरील पानच चाटून पाहावे!”

दशरथराव, काय तो देखावा! साहेबांनी बूट काढले, पाटलोण दुमडली व तिवरास जीभ लावली. “च्यायला, खारट आहे!” (शब्द त्यांचे आहेत.) मग पन्नास माणसे ओळीने झाडे चाटू लागली. त्याच वेळी डबराचा ट्रक आला. ड्रायव्हरने हे दृश्य पाहिले, हात जोडले व डबर न ओतताच गाडी उलटी पिटाळली. साहेबांनी तेथेच पहिली ओळ खोडून ‘अवश्य राखावे’ असे लिहिले. बुधवारी भरणीस मनाई करणारा फलक लागलासुद्धा! अंबादास आता मला ‘प्रोफेसर काका’ म्हणतो; मी हरकत घेत नाही.

लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आपला,
गुणाजी धाकू तावडे

ता. क. सौ. मालन सोमवारपासून आपल्याकडे आहे. देशाविषयीचे विधान मी मागे घेतो, असे तिला सांगावे.

पुन्हा ता. क. “अहो, मग झाडावरचंच चाटायला द्या की, खाडी काय पळाली?” हे वाक्य मूळचे तिचे होते. मी ते शुद्ध करून मोठ्याने म्हटले. हे तिला वाचून दाखवावे, परंतु दार लावून.

शेवटचा ता. क. दिंडोशीच्या वसाहतीत असेच व्याख्यान ठरले असून रत्नप्रभाबाईंचे निमंत्रण सोबत जोडले आहे. वक्ता म्हणून त्यावर नाव सौ. मालनचे आहे. तबक धरण्यासाठी तिने मला बरोबर न्यावे, एवढी शिफारस आपण करावी.