उजवा कान कोणाचा

१२ सप्टेंबर, गुरुवार
कुसाकाबेच्या उंदरांना गाठी आल्या नाहीत — आणि त्याचंच कौतुक! माझ्या उंदरांना येत नाहीत, तर प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सेन्सेई, सगळ्यांसमोर म्हणतात, "इनागाकी-सान, हात थरथरतो का हल्ली?"

फुप्फुसाच्या अस्तराचा हा कॅन्सर माणसाला व्हायला चाळीस वर्षं घेतो. उंदराला वर्ष-दीड वर्ष. मी ॲस्बेस्टॉसची धूळ टोचून चौदा महिने वाट बघतेय. हा पोरगा गेल्या वर्षी आला, एक जनुक काढून टाकलेले उंदीर घेऊन बसला. जनुक असलेल्या भावंडांना गाठी, नसलेल्यांना नाहीत. नवा शोध म्हणे.

मार्चनंतर प्रयोगशाळेत एकच जागा उरणार. ज्याचा शोध, त्याची जागा. एवढं मलाही कळतं.

२२ सप्टेंबर, रविवार
आईच्या कबरीवर जाऊन आले. बाबांनी दगड धुतला, मी फुलं ठेवली. ॲस्बेस्टॉसच्या पाइपांच्या कारखान्यात तीस वर्षं बाबा राबले आणि गेली आई. रोज संध्याकाळी मागच्या दारी त्यांचे कपडे झटकायची ती.

परतताना म्हणाले, "तुझ्याकडचा तो मुलगा हुशार आहे वाटतं. दर वेळी त्याचंच नाव असतं तुझ्या तोंडी."

जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
कुसाकाबे दोन दिवस परगावी. त्याचे पिंजरे माझ्या गळ्यात. बरं झालं.

उजव्या कानाला खाच म्हणजे जनुक नसलेला, डाव्या कानाला म्हणजे साधा. खाचा उंदीरघरातल्या वाकुता-सान पाडतात, त्यांचा हात वीस वर्षांत चुकलेला नाही. मी एक उंदीर उचलला — खाच उजव्या कानाला. त्याच्या वहीत लिहिलंय, डाव्या. दुसरा, तसाच. पाच बघितले, पाचही उलटे.

शहाणा उंदराला तोंडासमोर धरून कान वाचतो! त्याचा डावा, तो उंदराचा उजवा. म्हणजे सगळा शोधच उलटा. जनुक नसलेल्यांनाच गाठी येतात.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

४ ऑक्टोबर
सांगणार नाही. एकवीस तारखेच्या बैठकीला बाहेरचे लोक येणार आहेत. तिथे विचारीन. जिरवायचीच आहे त्याची.

९ ऑक्टोबर, बुधवार
कुसाकाबे वही घेऊन टेबलाशी आला. सोबत त्याच्या आईने पाठवलेली संत्री.

"इनागाकी-सान, एकदा नजर टाकाल का? सेन्सेई खूश आहेत, पण मला भीती वाटते. फारच छान जमलंय."

पानं उलटली. कानांच्या रकान्यावर बोट थांबलं माझं.

"ठीक आहे," म्हटलं.

वाकून वाकून आभार मानले त्याने. संत्री आंबट निघाली. तरी सगळी खाल्ली.

२१ ऑक्टोबर, सोमवार
विचारलं. आवाज अगदी गोड ठेवून. "कुसाकाबे-कुन, उजवा कान म्हणजे कोणाचा उजवा? तुझा की उंदराचा?"

त्याला एका क्षणात कळलं. कानापर्यंत पांढरा पडला. पाहुणे खाली बघायला लागले. आणि सेन्सेईंनी विचारलं, "कान वाचायला तुला शिकवलं कोणी?"

तेव्हा मला तो कागद आठवला. पिंजऱ्यांच्या खोलीत दाराशी चिकटवलेला. तो आला त्या दिवशी मीच काढून दिलेलं चित्र — समोर बघून हसणारा उंदीर, चित्रात उजवीकडच्या कानावर 'उजवा', डावीकडच्यावर 'डावा'. खाली तारीख आणि माझ्या नावाचा शिक्का. मी स्वतः मागून धरते, चित्राकडे पुन्हा कधी बघितलंच नाही. म्हणजे उलटं मीच शिकवलं होतं.

"कोणी नाही," कुसाकाबे म्हणाला. "मीच उलटं वाचलं. माफ करा." आणि वाकला. सेन्सेईंनी पुढचा विषय घेतला तरी तो वाकलेलाच होता.

२२ ऑक्टोबर
सगळ्यांच्या आधी गेले, कागद काढून टाकायला. भिंतीवर चार चिकटपट्ट्यांचे डाग फक्त.

मागून त्याचा आवाज. "कालच काढला. तुकडे करून टाकले. जुना झाला होता."

मी 'बरं' म्हणाले. चांगुलपणातही हाच पुढे — त्याचाही हेवा वाटला मला. काय बाई आहे मी!

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
प्रयोगात मेलेल्या उंदरांच्या स्मृतिदगडापाशी वार्षिक प्रार्थना झाली. यंदा एक हजार दोनशे सहा. प्रत्येकाने एकेक शेवंती ठेवली. कुसाकाबे सगळ्यांत शेवटी.

सेन्सेई म्हणाले, "चूक तुम्ही पकडलीत. ते उंदीर आता तुम्हीच सांभाळा. मार्चनंतरही." जागा मिळाली.

बाबांना फोन केला. "मग? त्या मुलाचं काय?" त्यांनी विचारलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार
कुसाकाबेने वही माझ्या स्वाधीन केली, दोन्ही हातांनी. पहिल्या पानावर तोच हसरा उंदीर, माझ्या चित्रावरून उतरवलेला. खाली: 'इनागाकी-सान म्हणाल्या, शंका आली तर मला विचार.'

मग ९ ऑक्टोबरचं पान. 'विचारलं. कानांच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. ठीक आहे म्हणाल्या.'

हे पान मात्र त्याने फाडलेलं नाही.