कामठ्याच्या गोळ्या

दवनीवाडा
१६ ऑक्टोबर २००८

प्रिय रत्नपालदादा,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. धान निसवला आहे, पण माझं मन शेतात लागत नाही. तुझं डायलिसिस कसं चाललंय? माझ्याकडे ठेवलेल्या तुमच्या मुलांना भेटायला आलेल्या रेणूवहिनी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोन सासूबाईंच्या खाटेजवळ आहे, म्हणून लिहिते.

सोमवारी ऑपरेशन. बहीण भावाला किडनी देते म्हणून गावभर कौतुक चाललंय, आणि मला घास उतरत नाही.

गेल्या महिन्यात तपासणीत डॉक्टरबाईंनी विचारलं, पूर्वी टीबी झाला होता का? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाही म्हटलं. तूही मान खाली घातलीस. लग्नाआधी मला कामठ्याला मामाकडे ठेवून गोळ्या तूच आणून देत होतास. "सासरी कोणाले सांगू नको," हेही तूच बजावलंस. तुला दोष देत नाही. मुलीचं दुखणं आपल्यात असंच झाकतात.

तुला वाटत असेल, नऊ वर्षांपूर्वीच बरा झालेला रोग, त्याचं आता काय. पण तो पुरता बरा झाला की नाही, मलाच ठाऊक नाही. लग्नाची तारीख निघाली आणि मी गोळ्या बंद केल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. सासरी कोणी पाहिलं तर, ही धास्ती. उरलेल्या गोळ्या मामाच्या विहिरीमागे पुरल्या. तुला सांगितलं, सहा महिने पुरे झाले. तू पेढे आणलेस.

किडनी टिकावी म्हणून तुझी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवणार आहेत. माझ्यात रोग दडून बसला असला तर किडनीसोबत तो तुझ्यात येईल, आणि तिथे त्याला अडवणारं काही नसेल. आधी कळलं तर तपासता येतं, औषध देता येतं. डॉक्टरबाईंकडून हे ऐकल्यापासून मला भीती वाटते, की मीच तुला मारीन.

एवढं लिहिलं, तोच सासूबाईंनी विचारलं, "काय लिहून राहिली वो?" मी सगळं सांगून टाकलं. "मंग इतकी वर्सं काऊन लपवलं?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. सोमवारचं ऑपरेशन थांबवलंय. माझ्या तपासण्या पुन्हा होतील. लग्नाआधी कोणतं औषध, किती दिवस घेतलं, ते लेखी मागितलंय. गोळ्यांची नावं तू लिहून दे, बाकी हेच पत्र दाखव.

तू रागावशील. रागाव, पण डायलिसिस चुकवू नको.

दुपारी सासूबाईंनी माझं ताट सगळ्यांपासून वेगळं वाढलं होतं. दादा, महिन्याभरानंतर आज मी पोटभर जेवले.

तुझी,
सहापैकी दोनच महिने गोळ्या घेतलेली,
ललिता