पोटात सूत नेणारा बाण

बाबा, काल आम्ही दरीवरून सूत पलीकडे नेलं. इथे उत्तरेत विजेच्या मोठ्या तारांचं काम चालू आहे. डोंगराच्या दोन अंगांना दोन मनोरे, मधे खोल दरी, आणि खालच्या पाण्याचा आवाज इतका की बोलायचं तर माणसाच्या कानाशी जावं लागतं. तार काही एकदम नेता येत नाही. आधी सूत न्यायचं, सुताला सुतळी, सुतळीला दोरी, दोरीला तार, असं जाड करत जायचं. आजवर पहिली दोरी न्यायला चार माणसं खाली उतरून, पुलावरून फिरून पलीकडे चढायची, आणि मधे झाडांत अडकली की दुसरा दिवसही गेला. मी म्हटलं, मला हवेचा पंप, एक नळी आणि दोन दिवस द्या. साहेब हसला, पण दिले. काल तिसऱ्या खेपेला बाण पलीकडच्या खडकावर पडला आणि तिकडची माणसं सूत हातात धरून नाचायला लागली. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्हाला ती पहिली नळी आठवत असेल. लालबागच्या मोठ्या रस्त्यावर आपली चाळ, तिसऱ्या मजल्यावर आपली खोली, रस्त्यापलीकडे समोरची चाळ आणि मधून ट्राम. सणाला दोन्ही गॅलऱ्यांमधे पताकांची माळ लागायची. ट्रामच्या तारा आडव्या, म्हणून सूत रस्त्यावरून वर ओढता यायचं नाही, वरच्या वरच फेकावं लागायचं. दगडाला बांधून फेकायचे. त्या गणपतीत दगड समोरच्या काकींच्या कपाटाच्या काचेवर बसला आणि त्यांच्या चाळीने सांगून टाकलं, पुन्हा दगड आला तर माळ विसरा. आणि त्यानंतर काही महिन्यांतच राज्य मिळायचं ठरलं. इतकी वर्षं मोर्चे, लाठ्या, ‘झालाच पाहिजे’ म्हणून बसलेले घसे, आणि त्या दिवशी आपला रस्ता मोकळा राहणार? मी गॅलरीत सगळ्यांसमोर बोलून बसलो, मी नेतो सूत, दगडाशिवाय. सगळे हसले. हसणारच. चौथीत शाळा सुटलेली, गिरणीत बदलीवर लागलो तर तीन महिन्यांत मुकादमाशी भांडून बाहेर. चाळीत माझा विषय निघाला की ‘उनाड’ हा शब्द आधी यायचा. ही माळ गेली नसती तर तो शब्द मला जन्मभर पुरला असता.

सायकलवाल्याकडचा जुना पंप, एक लोखंडी नळी, मधे नळाची चावी. हवा भरायची, चावी फिरवायची, फट्ट करून बाण सुटायचा. बाण म्हणजे हलक्या लाकडाची वीतभर काडी आणि मागे कोंबडीची पिसं. चाळीच्या मागच्या बोळात मी दिवसभर तेच करत बसलेला असे. पहिले बाण कटलेल्या पतंगासारखे गोते खायचे. मग मी तोंडाला खिळा ठोकला. वजन पुढे आलं, पिसांनी मागून धरून ठेवलं, आणि बाण आखल्यासारखा सरळ गेला. हे माझं मी शोधलं, कुणी सांगितलं नव्हतं. पण शेपटीला सूत बांधलं की सगळं फिसकटायचं. खाली ठेवलेलं रीळ फिरताना हिसका द्यायचं, बाण मान वळवायचा आणि भलतीकडे जायचा. एक तर खालच्या मावशींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत जाऊन रुतला. “मेल्या, सांडग्यांका भोकां पाडतंस? आता त्येंका वडे म्हणान खावचे काय?” मी म्हटलं, “मावशी, तळून बघा, आत तेल बरं जाईल.” त्यांनी चप्पल फेकली. ती मात्र सरळ आली.

माझी अक्कल एवढीच की बाण वळला तर हवा जास्त भर. अजून वळला तर अजून भर. त्यातच तुम्ही पाळीवरून परत येताना बोळात शिरलात. खाली पडलेला बाण उचललात, खिळ्याच्या टोकावर अंगठा फिरवलात, आणि तुमचा दुसरा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. तो डोळा गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कापड विणायच्या चालत्या साच्यातून लाकडी धोटा उडाला आणि तुमच्या तोंडावर बसला, एवढंच घरात बोललं जायचं. नंतर गिरणीने तुम्हाला साच्यावरून काढून सुतारखात्यात बसवलं, दुसऱ्यांचे धोटे घासायला.

“हा कुणाच्या डोळ्यात गेला तर?”

“बाबा, मी वर मारतो. माणसांत नाही मारत.”

“माझ्यावर पण कुणी मारला नव्हता,” तुम्ही म्हणालात, आणि बाण गुडघ्यावर मोडलात. जाता जाता मागे न बघता सांगितलंत, “आणि ती नळी खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा राहू नकोस. पोलिसांना लांबून बंदूकच दिसेल. गोळीबार बघितलाय ना? का परत बघायचाय?”

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आई वाढतेय, स्टोव्हवर कालवण उकळतंय, तुम्ही खाली मान घालून जेवताय. मला राहवत नाही. मी आईला सांगितल्यासारखं म्हणतो, “नुसता बाण सरळ जातो. सूत बांधलं की वळतो.” तुमचा घास थांबतो.

“सूत ठेवतोस कुठे?”

“रिळावर. खाली.”

“आणि बाण ते ओढत नेतो?”

“मग कसा नेणार?”

तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. “साचेवाल्याचा पोर तू. धोटा सूत ओढत जातो काय रे कधी? सुताची कांडी त्याच्या पोटात असते. जाईल तसं सूत मागे सोडत जातो. म्हणून त्याला हिसका नाही.” मी ताटाकडे बघत बसलो. लहानपणी तुमचा डबा द्यायला साचाखात्यात येऊन हजारदा धोटा जाताना बघितलेला, आणि डोक्यात एकदाही आलं नाही. तुम्ही हात धुतलात, पुसलात, आणि दाराकडे बघत म्हणालात, “आणि जोर कमी कर. जोर वाढवला की धोटा उडतो.” मग जरा थांबून, “त्या दिवशीचा धोटा झिजलेला होता. मला दिसत होतं. साचा कोण बंद करणार, म्हणून तसाच लावला.” आईच्या हातातला डाव तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिलाही हे माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलंत. बाणच, पण काय बाण. पोट कोरलेलं, आत बारीक सूत गुंडाळलेलं, टोक धरून ओढलं की न अडकता सुटत येणारं. तोंडाला खिळा नाही. आत शिसं बसवलेलं आणि वरून गिरणीतल्या चामड्याची मऊ टोपी. मी बोटावर तोलून बघितला, पुढच्या बाजूला कलला. “मारायचा तर हाच,” एवढंच बोललात.

राज्य मिळायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दोन्ही गॅलऱ्या भरलेल्या. समोरून कोणीतरी ओरडलं, “अरे, आमच्या कपाटाला आता काच पण नाही, काय फोडणार तू?” तेवढ्यात तुम्ही दिसलात, समोरच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही सगळ्यांना आत घातलंत, काकींनासुद्धा, आणि कठड्यापाशी एकटे उभे राहिलात. तुमच्याकडे एकच डोळा शिल्लक आणि तो माझ्या नळीच्या समोर. भरलेली हवा मी थोडी सोडून दिली, मग अजून थोडी. सुताचं टोक माझ्याकडच्या कठड्याला बांधलेलं होतं. ट्राम गेली. तुम्ही हात वर केलात आणि मी चावी फिरवली. बाण तारांवरून गेला, न डुलता, मागे सूत सोडत, आणि तुमच्या खांद्याच्या हातभर बाजूला भिंतीवर आपटून पायाशी पडला. तुम्ही डोळा मिटलासुद्धा नव्हता. वाकून बाण उचललात आणि सुताची कठड्याला गाठ मारलीत, साच्यावर तुटलेला धागा जोडावा तशी, एका झटक्यात.

मला लोकांनी खांद्यावर घेतलं. कुणीतरी विचारलं, “कोणी बनवला रे?” मी म्हटलं, “मी.” तुम्ही तेव्हा आपल्या जिन्याने वर येत होतात. लोक तुमच्याकडे वळले. तुम्ही म्हणालात, “त्यानेच. मी नुसता उभा होतो.” पताका रात्रभर हलत होत्या आणि उनाड हा शब्द त्यानंतर मी कुणाकडून ऐकला नाही. दीड वर्षाने तुम्ही छातीच्या दुखण्याने गेलात, तेव्हा मी या कामावर लागून पहिल्या मनोऱ्यावर चढलेला होतो. घरची तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. आपल्या खोलीत आता दुसरे राहतात, त्यांना कशाला त्रास. तुमचा बाण माझ्या पेटीत आहे, चामडं कडक झालंय, पण तोल तसाच. काल मारला तो मी त्याच्यावरूनच बघून केला. संध्याकाळी साहेबाने पाठीवर थाप मारून विचारलं, “किधर सीखा?” मी म्हटलं, “कहीं नहीं साहब, अपने ही दिमाग से.”

खिळ्यापुरतं ते खरं आहे, बाबा.