चौथ्या लेनचं घड्याळ

प्रिय ठमे,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लिहून जावईबापूंच्या हाती धाडतो आहे. काल तू प्रौढांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता वेळ गाठलीस आणि इथे आमचे पाय जमिनीवर नाहीत. तुझी आई भाजी आणायला म्हणून गेली, तासभर गल्लीत सगळ्यांना सांगत बसली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली.

पस्तिसाव्या वर्षी तू पोहायला शिकायचं म्हणालीस तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं, हे कबूल. दातांच्या दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडं ठेवायला सांगणारी तू, पाण्यात स्वतःचं तोंड बंद ठेवायला तुला वर्ष लागलं. तू कठडा धरून पाय मारायचीस आणि शेजारून तुझ्या कमरेएवढ्या मुली सपासप निघून जायच्या. लाज मला वाटायची, तुला नाही. मग तू तुझ्या फ्रिजवर चिठ्ठी लावलीस: चाळीस ते चव्वेचाळीस वयोगट, पन्नास मीटर, अडतीस सेकंद पन्नास शतांश. तेव्हा तुला त्रेचाळीस सेकंद लागायचे. पाच सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं मी बोलून गेलो आणि ते कापायला तुला अडीच वर्षं लागली. तुझा दुखरा खांदा, जावईबापूंचा करपलेला स्वयंपाक, झोपलेल्या लेकीला पांघरूण घालून तुझं पहाटे निघणं, सगळं मी पाहिलं आहे. आपल्या घराण्यात एवढं चिवट माणूस झालं नाही. हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो.

काल क्लबातला वेळ घेणारा एक माणूस आला नाही, म्हणून तुझ्या चौथ्या लेनला मला उभं केलं. तिघांच्या हाती तीन स्टॉपवॉच, त्यांतली मधली वेळ खरी धरायची. गोदामात तीस वर्षं काट्यावर वजनं केली, माझ्या हातून चूक होत नाही, अशी फुशारकीही मी बाकीच्या दोघांपुढे मारली. मधली वेळ माझीच निघाली, अडतीस सत्तेचाळीस. तू पाण्यातूनच माझ्याकडे बघून हसलीस.

ठमे, ती वेळ खरी नाही. तुझा हात भिंतीला लागायच्या आधीच माझा अंगठा दाबला गेला. कुणाला कळलं नाही, मला कळलं. आज सकाळी मुख्य पंचांकडे जाऊन मी माझं घड्याळ बाद करून घेतलं. उरलेल्या दोघांची सरासरी अडतीस पंचावन्न भरली. पाच शतांशांनी हुकलं. नावं पाठवायची मुदत संपण्याआधी रविवारची एक शर्यत उरली आहे, तिथे तुझं नाव देऊन आलो आहे. मला हवं ते बोल, आठवडाभर अबोला धर, पण रविवारी पाण्यात उतर. तू ती वेळ गाठणार आणि त्यात माझ्या अंगठ्याचा वाटा नसेल. मुद्दाम नाही केलं गं. तुझी बोटं भिंतीपासून वीतभर लांब होती, पण माझ्या लेखी तू पोहोचली होतीस.

तुझाच उतावळा,
बाबा