एकेचाळीस चुकांची वही

३ मार्च, सकाळी ७
शंभर वर्षांतला आमच्या काउंटीच्या बेसबॉलमधला सर्वांत थोर फर्स्ट बेसमन कोण? त्याच्या नावाची पाटी लायब्ररीत लागणार. निवड समितीत तिघे : लायब्ररीवाल्या बाई, औषधाच्या दुकानाचा मालक आणि मी. तिघांत खेळलेला मी एकटाच.
संकल्प : १) संपूर्ण निःपक्षपातीपणा. २) स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी सुचेपर्यंत थांबायचं.

५ मार्च
थांबलो. कुणालाच सुचत नाही. बायकोला, आर्डिसला, सहज विचारलं. म्हणाली, एमिल टेश, दुसरं कोण? एमिल! मान्य, त्याने टोलवलेले होमरन मैदानापलीकडे मक्याच्या शेतात जाऊन हरवायचे. पण माणूस तोंड उघडं ठेवून जेवायचा.

९ मार्च
थोरपणाचे सात निकष लिहून काढले. होमरन वगळले. त्यात वाऱ्याचाच हात जास्त. खरा निकष एकच : चुका. बाकीचे फर्स्ट बेसकडे बॉल फेकतात, फर्स्ट बेसमन झेलतो. सुटला तर चूक फेकणाऱ्याची की झेलणाऱ्याची, ते स्कोअरर ठरवतो, वहीत लिहितो. विषय संपला.
माझ्या नावावर सात वर्षांत दोन. फक्त दोन! थर्ड बेसवरून माझ्याकडे बॉल फेकायला लोवेल सोबचॅक असायचा, त्याच्या नावावर एकेचाळीस. गडी चांगला, पण हात वेडा. मी काय काय झेललं ते माझं मला ठाऊक.

१२ मार्च, शुक्रवार
टॅव्हर्नमध्ये फिश फ्राय. लोवेल कोपऱ्यात एकटाच बसलेला. मी मोठ्या मनाने हाक मारली. नुसती मान हलवली, आला नाही. चाळीस वर्षं हेच. जळतो बिचारा.
संकल्प ३ : जुना गणवेश अंगात बसवणे. सोमवारपासून. आज मासे दोन प्लेट झाले.

१६ मार्च
समितीला निकष पटले. (बाईंनी वाचले नाहीत, पण पटले.) आता पुरावा हवा. स्कोअरच्या वह्या आमच्याच माळ्यावर आहेत, कारण संघाची स्कोअरर आर्डिसच होती. एकोणीस वर्षांची, कानामागे पेन्सिल. तिला म्हटलं, काढ. म्हणाली, पेटी जड आहे. म्हटलं, मी उचलतो. म्हणाली, तुझी पाठ. मग म्हणाली, किल्ली हरवली. पेटीला कुलूपच नाही! नवऱ्याचं कौतुक चारचौघांत वाचायचं म्हणजे लाजणारच.

२० मार्च
पेटी मीच उतरवली. पाठ धरली. आर्डिस म्हणाली, व्हर्न, एका पाटीसाठी कशाला उकरून काढतोस? तिला ठणकावून सांगितलं की सत्य बाहेर आलंच पाहिजे. मग ती बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच.

२६ मार्च, दुपारी ४
संध्याकाळी टॅव्हर्नच्या हॉलमध्ये जाहीर वाद. आभाराचं भाषण तयार आहे, दीड पान. लोवेलबद्दलही एक प्रेमळ वाक्य घातलंय. गणवेश बसला. श्वास घ्यायचा नाही, एवढंच.

२७ मार्च
गणवेश फाटला. ते नंतर.
एमिलवाले टेबलं बडवत होते. मी उठलो, चुकांचा निकष मांडला, वह्या पुढे ठेवल्या. म्हटलं, स्कोअररनेच वाचावं. आर्डिसने वाचलं : व्हर्नन, दोन. लोवेल, एकेचाळीस. हॉल खो खो हसला. मागून कुणीतरी ओरडलं, काय रे लोवेल, अजून लोकांच्या खिडक्या फोडतोस का? लोवेलने टोपी घातली आणि दाराकडे निघाला.
आर्डिसने वही मिटली. म्हणाली, लोवेल, थांब. यातले एकतीस बॉल सरळ ह्याच्या ग्लव्हमध्ये आले होते. ह्याने सोडले, मी तुझ्या नावावर लिहिले. ह्याला संघातून काढला असता तर मला दर शनिवारी मैदानावर दिसला नसता. एवढंच कारण. तुझा खेळ बघायला मिलवॉकीच्या मोठ्या संघाचा माणूस आला होता, तो माझी वही चाळून परत गेला. मी बघत होते, लोवेल.
मी खाली बसलो. गणवेश तेव्हा फाटला.

२८ मार्च
दोन अधिक एकतीस, तेहेतीस.
आर्डिसला म्हटलं, त्या एकतिसांत दोन-चार तरी वाकडे असतील की. म्हणाली, वाकडे दहा होते, ते वेगळे धरलेत. मग म्हटलं, एक मात्र सिद्ध झालं, तुझा माझ्यावर जीव होता. म्हणाली, होता ना, आणि किंमत लोवेलने मोजली.
लोवेलकडे जायला हवं. आज नको. पाठ.

३ एप्रिल, दुपारी
एमिलची पाटी लागली. पाठीचं कारण आर्डिसने ऐकलं नाही, मला गाडीत घालून लोवेलच्या दारात नेलं. क्षमेचं भाषण पाठ केलं होतं, एक शब्द आठवेना. म्हटलं, लोवेल, माझं चुकलं रे. तो आत गेला. वाटलं, आता दार लावतो. दोन ग्लव्ह घेऊन बाहेर आला. अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, झेल.
बॉल सरळ आला. अगदी छातीवर. सुटला. ऊन डोळ्यांवर होतं. ग्लव्ह परका. पाठ तर धरलेलीच.
गाडीतून आर्डिसने विचारलं, कुणाच्या नावावर लिहू? लोवेल नुसता माझ्याकडे बघत राहिला.
म्हटलं, माझ्या. चौतीस.