मालकाचा रकाना

प्रिय कार्ल,

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा टाकतोस, म्हणून कागदावर लिहितेय. पुण्याच्या फ्लॅटवर कुरियर तरी घेशील ना! मम्मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण चर्चला चालतच जाते. आणि तुझ्या त्या प्रोग्रामने माझं डोकं पार उठवलंय.

तारोडीच्या मच्छीमार सोसायटीला तू तो करून दिलास, तेव्हा पप्पा छाती काढून फिरत होते. मी सोसायटीची क्लार्क, मला तू समजावलंस की डेटाबेसच्या तक्त्यांकडे बघायचंच नाही. कोडमध्ये 'मालक' बनवायचा, त्याच्याखाली 'बोट', बोटीखाली 'खलाशी'. मधला ओआरएम नावाचा दुभाषा ते आपोआप तक्त्यांत उतरवतो आणि हवं तेव्हा जोडून परत देतो. मीही कॉम्प्युटरचीच पदवी घेतलीय रे, पण मान डोलावली. गावात तरी वेगळं काय आहे? आपली बोट 'मारिया', पण तसं म्हटलं तर चार जण विचारतील कुठली. पप्पांचं नाव घेऊन जोसेफची म्हटलं की झालं.

पप्पा जाऊन महिना झाला, त्या मिस्साला तू आला नाहीस. ऑफिसचं काम होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे वारलेल्या सभासदाचं नाव काढायचं होतं. परक्या हाताने नको, म्हणून मीच काढलं. एक क्लिक, आणि पप्पांबरोबर बोट गेली, सातही खलाशी गेले, लायसन्सचा नंबरसुद्धा गेला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस राहिलेत, आणि नोंद नाही तर दर्यात जायचं टोकन नाही! आपली बोट हाकणारे तांडेल धर्माजीकाका खिडकीशी येऊन विचारतात, बोट तं बंदरात हाय, मंग तुज्या मशीनीत का न्हाय? काय सांगू त्यांना?

तीन दिवस तुझं कोड उपसलं. एकच ओळ निघाली: मालक काढला की त्याच्याखालचं सगळं काढ. कार्ल, बाप मेला म्हणून बोट बुडते का रे? सात घरं गायब होतात? तुला हे ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. घाईत होतास, नेहमीसारखा. असा राग आला होता ना तुझा! ती ओळ मी उडवली आणि जुन्या बॅकअपमधून बोट नि खलाशी परत आणले. कुणाला न विचारता जमलं मला.

आता एकाच ठिकाणी अडलंय. मालकाचा रकाना रिकामा असेल तर बोट सेव्ह होत नाही. हाही तुझाच नियम, पण हा बरोबर आहे. मम्मी म्हणते, कार्लचं नाव घाल, मुलगा आहे तो. पाच वर्षांत तू त्या बोटीवर पाय ठेवलेला नाहीस. पप्पा अंथरुणाला खिळल्यापासून जाळी मी दुरुस्त करून घेतली, इंजिन मी खोलून घेतलं, खलाशांची भांडणं मी सोडवली. सोबत ना-हरकतीचा कागद आहे. पेन्सिलने फुली मारलीय तिथे सही कर आणि लगेच परत पाठव. त्या रकान्यात मी माझं नाव टाकतेय.

तुझीच,
क्लेअर